क्रूझचे लगेज टॅग: ‘घरी प्रिंट करा’ म्हणजे आपल्या दुकानात प्रिंट करा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक बॅग, एक कागद आणि एक स्टेपलर घेऊन क्रूझचा लगेज टॅग कसा तयार करायचा ते करून दाखवलं. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं, हिशोब आणि चेकलिस्ट लिहिलेली असली की काउंटरवर कामाला येते. म्हणून हा लेख. ज्यांचं झेरॉक्स, प्रिंटिंग, लॅमिनेशन किंवा स्टेशनरीचं दुकान आहे, किंवा असं दुकान टाकायचा विचार आहे, त्यांनी हा शेवटपर्यंत वाचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. फक्त क्रूझच्या टॅगवर दुकान चालत नाही. ही जोड-सेवा आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांच्या आसपास ती जास्त चालेल, बाकी वर्षभर तुरळक. मग एवढ्या छोट्या कामावर अख्खा लेख का? कारण पाच-दहा रुपयांची प्रिंट अडीचशे रुपयांची सेवा कशी होते, हे या एका टॅगवरून नीट समजतं. हीच पद्धत तुम्ही पुढे दहा कामांना लावू शकता.

ही गरज आली कुठून?

रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन अशा मोठ्या क्रूझ कंपन्या ऑनलाईन चेक-इन झालं की प्रवाशाला लगेज टॅगची पीडीएफ देतात आणि सांगतात, घरी प्रिंट करा, घडी घाला, बॅगेला लावा. त्यांच्याकडे अमेरिकेत घरोघरी प्रिंटर असतो असं धरून ही पद्धत बसवलेली आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत प्रिंटर नसतो. असला तरी शाई वाळलेली असते! म्हणजे आपल्या माणसासाठी ‘घर’ म्हणजे कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान.

आता आपल्याकडची मंडळी क्रूझला जातात का? जातात. सिंगापूरला विमानाने जाऊन तिथल्या मरिना बे क्रूझ सेंटरहून तीन-चार रात्रींची क्रूझ करणारी कुटुंबं पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर सगळीकडे आहेत. मुंबईहून कॉर्डेलियाच्या क्रूझ २०२१ पासून सुटतात. सोसायटीचा ग्रुप, बँकेचे निवृत्त सहकारी, पंचविसावा लग्नाचा वाढदिवस, असे लोक तुमच्याच गल्लीत राहतात.

फक्त हे लक्षात ठेवा की प्रत्येक कंपनीची पद्धत सारखी नसते. काही ठिकाणी टॅग टर्मिनलवरच देतात. म्हणून गिऱ्हाईकाने ‘क्रूझ’ म्हटलं की लगेच पैसे सांगू नका. आधी त्यांची कागदपत्रं उघडून त्यात टॅगचं पान आहे का ते बघा. नसेल तर सरळ सांगा, “काका, तुम्हाला टॅग तिथेच मिळेल असं दिसतंय, एजंटला एकदा विचारून घ्या.” तुमचं एक बिल जाईल, पण पुढच्या वेळी ते काका तुमच्याकडेच येतील.

आधी टॅगचा प्रवास समजून घ्या

हा या धड्याचा गाभा आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “एक प्रिंट द्या.” पण त्याला प्रिंट नको असते. त्याची बॅग टर्मिनलच्या दारापासून त्याच्या केबिनच्या दारापर्यंत पोचायला हवी असते. मध्ये काय घडतं ते बघा.

१. प्रवासी टर्मिनलला पोचतो. बाहेरच हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. प्रवासी फक्त हातातली पिशवी घेऊन आत जातो.

२. बॅगा एक्स-रे मशीनमधून जातात. इस्त्री, किटली अशी मनाई असलेली वस्तू दिसली तर बॅग बाजूला काढतात.

३. मग टॅगवरचा केबिन नंबर आणि डेक बघून बॅगा ट्रॉलीत लावल्या जातात. केबिन नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यावरून साधारणपणे डेक कळतो. ८५४२ म्हणजे आठवा डेक.

४. जहाजावरचे कर्मचारी बॅग केबिनच्या दाराबाहेर आणून ठेवतात. याला बराच वेळ लागतो, कधी कधी संध्याकाळ होते.

आता आकार लक्षात घ्या. सिंगापूरहून फिरलेलं स्पेक्ट्रम ऑफ द सीज हे जहाज एका केबिनला दोन माणसं धरली तरी चार हजारांवर प्रवासी नेतं. माणशी एक बॅग धरा. काही तासांत चार हजार बॅगा लावायच्या आहेत, आणि लावणारा माणूस तुमच्या गिऱ्हाईकाला ओळखत नाही. तो फक्त टॅग वाचतो. टॅग फाटला, पुसला किंवा दुमडून आत गेला, तर ती बॅग बिननावाच्या ढिगात जाते. मग प्रवाशाने तिथे जाऊन आपली बॅग ओळखून आणायची. सत्तरीच्या आजोबांची संध्याकाळची गोळी त्या बॅगेत असेल तर त्यांची पहिली संध्याकाळ कशी जाईल याचा विचार करा.

एवढं समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते. टॅग मजबूत हवा, लांबून वाचता यायला हवा, पाण्याने खराब न होणारा हवा आणि योग्य जागी लावलेला हवा. आणि गोळ्या हातातल्या पिशवीत हव्यात, हेही आपणच सांगायचं.

पीडीएफ आली की पाच गोष्टी तपासा

प्रिंटचं बटण दाबायच्या आधी टॅग मोठ्याने वाचून दाखवा. गिऱ्हाईक समोर उभं असताना.

१. नाव. एकाच आडनावाची दोन कुटुंबं एका ग्रुपमध्ये असतात. पाटील, कुलकर्णी, जाधव यांच्या फायली सहज एकमेकांत मिसळतात.

२. जहाजाचं नाव आणि निघण्याची तारीख. मागच्या वर्षीची फाईल व्हॉट्सॲपवर तशीच पडून असते, ती चुकून पाठवली जाते. शिवाय अमेरिकन कंपनीच्या कागदावर महिना आधी आणि दिवस नंतर असू शकतो, तेही बघा.

३. केबिन नंबर. काही स्वस्त बुकिंगमध्ये केबिन आधी ठरलेली नसते, फक्त केबिनचा प्रकार ठरलेला असतो. तेव्हा नंबरच्या जागी इंग्रजीत ‘जीटीवाय’ अशी तीन अक्षरं दिसतात किंवा जागा कोरी असते. अशा वेळी प्रिंट काढू नका. “ताई, केबिन नंबर आला की परत या, आत्ता काढून उपयोग नाही,” असं सांगा.

४. बॅगा किती? “किती माणसं” असं विचारू नका, “किती बॅगा जहाजावर द्यायच्या आहेत” असं विचारा. चार माणसांच्या पाच बॅगा असतात, कधी तीनच असतात. जेवढ्या बॅगा, तेवढे टॅग, वर एक जादा.

५. प्रवास कसा आहे? सिंगापूरला विमानाने जाणार की मुंबईला टॅक्सीने? टॅग कधी लावायचा हे यावर ठरतं. ते पुढे सांगतो.

प्रिंट काढताना

कागदाचं माप हा पहिला अडथळा. अमेरिकन कंपन्यांची पीडीएफ बहुतेक वेळा लेटर मापाची असते, म्हणजे २१६ × २७९ मिमी. आपला ए-फोर कागद २१० × २९७ मिमी. म्हणजे लेटर पान आपल्या कागदापेक्षा ६ मिमी रुंद आहे. पूर्ण मापात प्रिंट दिली आणि मजकूर अगदी कडेपर्यंत असेल, तर कडा कापल्या जातात. त्यामुळे आधी प्रिव्ह्यू बघा. कडा कोऱ्या असतील तर ‘ॲक्च्युअल साईज’ ठेवा. कडेला अक्षरं किंवा बारकोड असेल तर ‘फिट’ करा. थोडं लहान झालेलं चालतं, कापलेलं चालत नाही.

रंग. काही कंपन्यांच्या टॅगवर डेकनुसार किंवा जहाजाच्या भागानुसार रंगीत पट्टा असतो. बॅगा लावणारा माणूस आधी रंग बघतो आणि मग नंबर. म्हणून रंगीत टॅग असेल तर रंगीतच प्रिंट द्या. “ब्लॅक अँड व्हाईट चालेल का?” असं गिऱ्हाईकाने विचारलं तर कारण सांगा. कारण कळल्यावर चार रुपयांसाठी सहसा कोणी अडून बसत नाही.

प्रिंटर कोणता? लेझरची प्रिंट पाण्याने पसरत नाही. साध्या इंकजेटची शाई ओल्या हाताने पुसली जाते. दुकानात दोन्ही असतील तर साध्या टॅगला लेझर वापरा. इंकजेटच असेल तर प्रिंट पूर्ण वाळू द्या आणि लॅमिनेशन कराच.

बारकोड असेल तर मोबाईलच्या स्कॅनरने एकदा वाचून बघा. मोबाईलने वाचला तर छपाई स्वच्छ आहे असं समजा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि गिऱ्हाईकावर चांगला परिणाम होतो.

आणि एक सावधगिरी. काही दुकानांत कुरिअरच्या लेबलसाठी थर्मल प्रिंटर असतो. त्यावर टॅग छापायचा मोह होईल. पण थर्मल कागद लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेला की काळा पडतो. लॅमिनेशन करायचं असेल तर साधाच कागद.

प्रकार पहिला: घडी आणि स्टेपल

कंपनीने सांगितलेली पद्धत हीच आहे आणि ती चुकीची नाही. पानावर तुटक रेषा असतात, त्यावर घडी घालायची. बहुतेक टॅगचं पान घड्या घातल्यावर एक लांब पट्टी किंवा चौकोन बनतं आणि माहिती बाहेरच्या बाजूला येते. पट्टी असेल तर ती बॅगेच्या हँडलमधून ओवायची आणि दोन्ही टोकं जुळवून स्टेपल करायची.

इथे तीन गोष्टी सांभाळा.

घडी नखाने नाही, पट्टीने दाबा. सैल घडी फुगते आणि फुगलेला कागद अडकून फाटतो.

नंबर १० ची छोटी पिन वापरू नका. चार-आठ थरांच्या कागदाला ती धड पकडत नाही. २४/६ ची पिन आणि मोठा स्टेपलर घ्या. तीन पिना मारा, बारकोडपासून लांब. पिनेची टोकं नीट दुमडली आहेत का ते हाताने बघा, नाहीतर हमालाच्या बोटाला लागतील.

स्टेपल करण्याआधी संपूर्ण पट्टीवर दोन इंची पारदर्शक पॅकिंग टेप लावा. पाऊस आणि ओढाताण दोन्हींपासून बचाव होतो. टेप बारकोडवर लावताना सुरकुती किंवा हवेचा फुगा राहू देऊ नका.

प्रकार दुसरा: लॅमिनेटेड टॅग

ही आपली खास सेवा. घडी घातलेला पूर्ण कागद लॅमिनेट करू नका, तो जाड होतो आणि आत हवा राहते. त्याऐवजी असं करा.

१. प्रत्येक टॅगच्या दोन प्रिंट काढा. माहितीचा भाग दोन्हींतून कापून घ्या.

२. दोन्ही कागद पाठीला पाठ लावून ठेवा. म्हणजे टॅग कुठल्याही बाजूला फिरला तरी नंबर दिसतो.

३. कापलेला टॅग साधारण ९५ × १३५ मिमीमध्ये बसत असेल तर एका ए-फोर पाऊचमध्ये चार टॅग मावतात. पाऊच साधारण २२० × ३१० मिमीचं असतं. रुंदीत दोन टॅग म्हणजे १९० मिमी, उरलेल्या ३० मिमीत दोन कडा आणि मधली फट. लांबीत दोन टॅग म्हणजे २७० मिमी, उरलेल्या ४० मिमीतून प्रत्येक टॅगच्या वर १५ आणि खाली ५ मिमी प्लास्टिक सोडा.

४. वरची १५ मिमीची जागा भोकासाठी आहे. भोक फक्त प्लास्टिकमध्ये पाडायचं, कागदात नाही. कागदात भोक पडलं की तिथून पाणी आत शिरतं. बाजूलाही निदान ५ मिमी प्लास्टिक सील झालेलं ठेवा. कागदाला चिकटून कापलं तर लॅमिनेशन सुटतं.

५. १२५ मायक्रॉनचं पाऊच पुरतं. जास्त कडक हवं असेल तर २५० मायक्रॉन घ्या, पण आपलं मशीन तेवढं गरम होतं का ते आधी रद्दी कागदावर बघा.

६. कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा बॅगेच्या कापडात अडकतो. कॉर्नर कटर नसेल तर कात्रीने केलं तरी चालतं. आयलेट मशीन असेल तर भोकाला आयलेट लावा, ओढ पडली तरी भोक फाटत नाही.

अडकवायचा कशाने, कुठे आणि कधी?

कशाने: साधी नायलॉनची केबल टाय मजबूत असते, पण ती कापावी लागते. आणि ती काढायची वेळ येतेच. परतीच्या आदल्या रात्री जहाजावर वेगळे टॅग देतात, ते बॅगेला लावून बॅग केबिनबाहेर ठेवायची असते. तेव्हा जुना टॅग काढलेला बरा, म्हणजे गोंधळ नको. त्या वेळी कात्री कुठून आणणार? म्हणून परत उघडता येणारी टाय किंवा फिरवून बंद होणारा स्टील वायरचा लूप द्या.

कुठे: बॅगेच्या वरच्या किंवा बाजूच्या पक्क्या हँडलला. ओढायचा दांडा आत-बाहेर होतो, तिथे टॅग अडकून फाटतो. चेनच्या पट्टीला लावला तर चेनची पट्टीच तुटते. चाकांच्या बाजूला तर नकोच.

कधी: विमानाने जाणाऱ्याने टॅग घरून लावून निघायचं नाही. विमानतळाच्या पट्ट्यांवर आणि सामानाच्या चढउतारात लोंबता टॅग तुटू शकतो. सिंगापूरला उतरल्यावर, हॉटेलमध्ये किंवा टर्मिनलला जाण्याआधी लावायचा, आणि विमानाचा जुना टॅग तेव्हाच काढून टाकायचा. मुंबईहून जहाजात बसणाऱ्याने टर्मिनलला जाताना लावला तरी पुरे.

म्हणजे काय, तर आपण दुकानात टॅग बॅगेला लावून देत नाही. तयार टॅग पाकिटात घालून देतो. आणि ते पाकीट हातातल्या पिशवीत ठेवायला सांगतो. मोठ्या बॅगेत ठेवलं आणि ती बॅगच विमानतळावर उशिरा आली, तर सगळी मेहनत वाया.

काउंटरवर एक जुनी बॅग ठेवा. टाय कशी लावायची आणि काढायची ते गिऱ्हाईकाकडून एकदा करून घ्या. आपण दाखवलं की ते मान डोलावतात, स्वतः केलं की लक्षात राहतं.

पाकिटात काय काय द्यायचं?

• बॅगा अधिक एक, एवढे लॅमिनेटेड टॅग
• टॅग अधिक दोन, एवढ्या टाय
• प्रत्येक टॅगमागे एक साधी काळी-पांढरी प्रत. ही बॅगेच्या आत सगळ्यात वर ठेवायची, त्यावर मोबाईल नंबर हाताने लिहायचा. बाहेरचा टॅग गेला तरी बॅग उघडून मालक कळतो.
• मराठीत छापलेली सूचनांची चिठ्ठी

चिठ्ठीवर एवढंच पुरे:

“टॅग विमानातून उतरल्यावर लावा. पक्क्या हँडलला लावा. पासपोर्ट, औषधं, चष्मा, मोबाईल, पैसे, दागिने आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग मिळायला संध्याकाळ होऊ शकते. इस्त्री, किटली, राईस कुकर, एक्स्टेंशन बोर्ड बॅगेत भरण्याआधी कंपनीचे नियम बघा, बऱ्याच जहाजांवर मनाई आहे. केबिन बदलली तर बॅग देताना हमालाला नवा नंबर सांगा.”

पाकिटावर दुकानाचं नाव आणि नंबर असू द्या. टॅगवर मात्र टाकू नका. टॅग कंपनीचा आहे, त्यावर आपली जाहिरात नको. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आता हिशोब

खालचे भाव उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच तक्ता वहीत मांडा. चार माणसांचं कुटुंब, पाच बॅगा, सहा टॅग.

रंगीत प्रिंट १२, प्रत्येकी खर्च ५ रु. = ६० रु.
ए-फोर पाऊच २, प्रत्येकी ८ रु. = १६ रु.
उघडता येणाऱ्या टाय ८, प्रत्येकी ३ रु. = २४ रु.
आतल्या काळ्या-पांढऱ्या प्रती ६, प्रत्येकी १ रु. = ६ रु.
पाकीट आणि चिठ्ठी = ४ रु.
मशीनची झीज आणि वीज = १० रु.
मालाचा खर्च एकूण १२० रु.

वेळ धरायला विसरू नका. दुकानातल्या मुलाचा पगार महिना १५,००० धरला, २६ दिवस आणि रोजचे १० तास, तर तासाला साधारण ५८ रु. पडतात. या कामाला २५ मिनिटं लागली तर २४ रु. म्हणजे एकूण १४४ रु.

विक्री २५० रु. हातात राहिले १०६ रु. यातून भाडं आणि बाकीचा खर्च जाणार, हे लक्षात असू द्या.

याच गिऱ्हाईकाला नुसत्या सहा रंगीत प्रिंट १० रुपयांनी दिल्या असत्या तर ६० रु. आले असते, मालाचा खर्च ३० आणि हातात ३०. ते दोन मिनिटांत होतं हेही खरं. म्हणून गर्दीच्या वेळी टॅगचं काम हातात घेऊ नका. फाईल तपासा, पैसे घ्या, दुपारच्या रिकाम्या वेळात करा आणि संध्याकाळी द्या. मशीन आणि मुलगा तसेही बसून असतात, त्या वेळेला काम लावलं तर खरा फायदा.

ज्यांना अडीचशे नको असतील, त्यांच्यासाठी घडी-स्टेपल-टेपवाला टॅग ठेवा, बॅगेला २५ रुपये. दोन पर्याय समोर असले की गिऱ्हाईक ‘घेऊ की नको’ याऐवजी ‘कोणता घेऊ’ असा विचार करतं.

घाबरवून विकू नका

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. “टॅग नसेल तर बॅग हरवेल” असं म्हणून विकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. टॅग नसला तर टर्मिनलवर हमाल कोरा टॅग देतात, पेनाने नाव आणि केबिन नंबर लिहून लावता येतो. गिऱ्हाईकाला हे तिथे गेल्यावर दिसणारच. मग त्याला वाटेल, दुकानदाराने आपल्याला फसवलं.

खरं सांगून विका. “तिथेही मिळतो. पण रांगेत, उन्हात, मुलं सांभाळत, पाच बॅगांवर लिहीत बसावं लागेल. इथून तयार नेला तर उतरल्या उतरल्या बॅग देऊन मोकळे.” आपण विकतो ती सोय. ती अडीचशेला महाग नाही आणि त्यात खोटं काही नाही.

गिऱ्हाईकाचे कागद म्हणजे आपली जबाबदारी

टॅगच्या पीडीएफबरोबर लोक बऱ्याचदा सगळंच पाठवतात. पासपोर्टची कॉपी, बुकिंग नंबर, विमानाचं तिकीट. घर किती तारखेपासून किती तारखेपर्यंत बंद असणार, हे त्यात लिहिलेलं असतं! म्हणून नियम करा. काम झालं की गिऱ्हाईकासमोर फाईल डिलीट, डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सॲप चॅट डिलीट. बिघडलेल्या प्रिंट फाडून टाका, रद्दीत पाठकोऱ्या म्हणून ठेवू नका. आणि टॅगचा फोटो काढून दुकानाच्या स्टेटसला लावू नका. नमुना दाखवायचा असेल तर खोट्या नावाचा टॅग बनवा.

गिऱ्हाईक कुठून आणायचं?

बोर्ड लावून वाट बघत बसलात तर महिन्याला दोन येतील. खरं काम ट्रॅव्हल एजंटकडे आहे. चाळीस जणांच्या ग्रुपच्या वीस केबिन असतात. ते टॅग एजंटच्या ऑफिसात कोणीतरी रात्री बसून प्रिंट करतं, किंवा प्रवाशांनाच “तुमचं तुम्ही काढा” म्हणून सांगतं.

गावातल्या तीन एजंटांकडे जा. हातात नमुन्याचं तयार पाकीट घेऊन जा, व्हिजिटिंग कार्ड नंतर. म्हणा, “साहेब, तुम्ही मला केबिनप्रमाणे यादी आणि फायली द्या. मी केबिननुसार पाकिटं करून, वर नाव लिहून दोन दिवसांत देतो. पाकिटावर तुमच्या कंपनीचं नाव टाकू.” ग्रुपसाठी दर कमी करा, पण यादीवर त्यांची सही घेतल्याशिवाय काम सुरू करू नका. नाव किंवा नंबर चुकला तर चूक यादीत होती की छपाईत, हे कागदावर दिसायला हवं. छपाईत असेल तर त्याच दिवशी फुकट बदलून द्या.

आजचा गृहपाठ

१. कुठल्याही कंपनीचा लेटर मापाचा एखादा नमुना घ्या, किंवा स्वतः त्या मापाचं पान बनवा. खोटं नाव घालून एक साधा आणि एक लॅमिनेटेड टॅग करा.

२. दोन्ही टॅग घरच्या बॅगेला लावा. नळाखाली धरा, मग बॅग जिन्यावरून दोनदा वरखाली करा. कोणता टॅग कुठे सुटला ते वहीत लिहा.

३. वरचा हिशोब तुमच्या भावांनी मांडा. मालाचा आणि वेळेचा खर्च विक्रीच्या साठ टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी दर किंवा पद्धत बदला.

४. तुमच्या दुकानात रोज येणारं असं एक काम शोधा, ज्यात गिऱ्हाईक फक्त ‘प्रिंट’ मागतं. परीक्षेचं हॉल तिकीट, बँकेचा फॉर्म, कुरिअरचं लेबल, काहीही. तो कागद तुमच्या दुकानातून निघून शेवटी कोणाच्या हातात जातो आणि वाटेत त्याचं काय काय होऊ शकतं, हे पाच ओळींत लिहा.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याची उत्तरं पुढच्या व्हिडिओत घेऊ.